अण्णांची भारचाचणी

अण्णांना राग येतो, असं लोक म्हणत. हे साफ चूक आहे. येण्यासाठी आधी कुठेतरी जावं लागतं, आणि अण्णांचा राग कधी कुठे गेलाच नव्हता. तो कायम नाकाच्या शेंड्यावर, चष्म्याच्या जरा खाली बसलेला असे. टूथपेस्टची ट्यूब कुणी मधेच दाबली, दाराची कडी अर्धवट लावली, फोन करून वर "कोण बोलतंय?" असं विचारलं, की तो तिथून उठे, सगळे मजले हादरवी आणि परत जागेवर येऊन बसे. आणि खरं सांगायचं तर ट्यूब मधे दाबू नयेच. कडी पूर्ण लावण्यासाठीच केलेली असते. मुद्द्यात अण्णा कधीच चुकत नसत, चुकायचा तो फक्त आवाज.

अण्णा सरकारी लिफ्ट तपासनीस. शहरातल्या कितीतरी लिफ्ट त्यांच्या सहीशिवाय जागच्या हलत नसत. आपल्या स्वतःच्या इमारतीची लिफ्टसुद्धा ब्रेक ढिला आहे म्हणून त्यांनी सील ठोकून बंद केली होती आणि चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी ते रोज धापा टाकत चढत होते. याला तत्त्व म्हणतात. शेजारी याला दुसरंच काहीतरी म्हणत, पण ते जिन्यात आणि अण्णा पुढे गेल्यावर.

तर एका सकाळी लेकीचा फोन आला. जावई कामासाठी परगावी चालले होते आणि लेक नातीला घेऊन सगळी सुट्टी माहेरी राहायचं म्हणत होती. मागच्या खेपेला नातीने सोफ्यावर पाण्याचा ग्लास सांडला होता, त्यावर अण्णा जे काही बोलले होते ते शेजारच्या इमारतीतही ऐकू गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मायलेकी बॅग उचलून निघून गेल्या होत्या. तेव्हापासून नात फोनच्या पडद्यावरच भेटे, तीही अर्धी, कारण तिला फोन सरळ धरता येत नसे.

"मी येते बाबा, पण एक सांगून ठेवते," लेक म्हणाली. "या वेळी घरात आरडाओरडा ऐकू आला, तर त्याच पावली परत जाईन."

"आरडाओरडा? कोण करतं आरडाओरडा? मी कधी ओरडतो का?" अण्णांनी विचारलं. वरच्या मजल्यावरचे विमावाले लगबगीने खाली आले आणि "मला हाक मारलीत का?" असं दारातून विचारून गेले.

फोन ठेवून अण्णा खुर्चीत बसले. नात त्यांना हवी होती. अगदी पोटातून हवी होती. आणि आपल्याच घरी आपलीच नात यायला आपल्याच आवाजाची आडकाठी व्हावी, याचा त्यांना असा काही संताप आला की तो व्यक्त करायला पुन्हा आवाजच लागला असता. म्हणून ते गप्प बसले. बायकोही काही बोलली नाही. तिचं तसंच होतं. अण्णांचा पारा चढला की ती हातातलं काम खाली ठेवायची, गप्प उभी राहायची, आणि वादळ ओसरलं की काम पुन्हा उचलायची.

अशा घरात संधी दिसली की मेहुणा हजर होतोच. बायकोचा हा धाकटा भाऊ आजवर चुंबकाच्या गाद्या आणि पायाच्या तळव्यातून विष ओढून घेणाऱ्या पट्ट्या विकून चुकला होता. सध्या तो अमिनो अ‍ॅसिडवर आला होता.

"भाऊजी, राग हा स्वभाव नसतो," तो सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. "ती कमतरता असते. ग्लायसिनची. अमिनो अ‍ॅसिड आहे, पांढरी गोड पावडर. रात्री झोपताना चमचाभर पाण्यात. झोप गाढ लागते, सांधे सुटतात, कातडी तुकतुकीत होते, केस दाट होतात, पचन सुधारतं आणि मन कसं शांत, शांत..."

"बडबड थांबते का त्याने?" अण्णांनी विचारलं.

"कुणाची?"

"तुझी."

पण बायको हळूच म्हणाली, "घेऊन तर बघा." ती सहसा काही मागत नसे, त्यामुळे तिने काही मागितलं की नाही म्हणायची अण्णांना सवयच नव्हती. मेहुण्याने तिथेच बसून कंपनीला ऑर्डर धाडली.

डबा पार्सलने यायचा होता. आला फक्त फोन, की येऊन भेटा. पार्सल ऑफिसात काउंटरमागे एक कारकून बसला होता. त्याने अण्णांकडे न बघता खोक्यावरच्या कागदावर बोट ठेवलं.

"यात अ‍ॅसिड आहे."

"अमिनो अ‍ॅसिड," अण्णा म्हणाले.

"तेच. अ‍ॅसिड पार्सलने येत नाही. नियम आहे."

"अहो, हे खायचं असतं!"

आता मात्र कारकुनाने वर बघितलं. "तुम्ही अ‍ॅसिड खाता?"

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मनाशी त्यांनी कानाला खडा लावला होता. पावडर पोटात जायच्या आधीच पावडरीपायी ओरडलो तर जगाला तोंड कसं दाखवायचं? "हे तुमच्या शरीरातसुद्धा आहे," ते दातावर दात ठेवून म्हणाले. यावर कारकुनाने खुर्ची थोडी मागे घेतली आणि अग्निशमन केंद्राचा ना-हरकत दाखला आणायला सांगितलं.

अग्निशमन केंद्राचे साहेब अण्णांना बघून खूश झाले. त्यांची लिफ्ट अण्णांनीच मागे नापास केली होती. "या, या, बसा!" म्हणून त्यांनी अण्णांना जे बसवलं, ते जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी बसवलंच. मग उद्या या, मग परवा या, मग डबा समोर नसताना तपासायचा कसा, मग दाखल्याशिवाय डबा मिळत नाही हे खरं आहे, म्हणजे बघा पंचाईत! अण्णा प्रत्येक वेळी "ठीक आहे" म्हणत आणि बाहेर येऊन फाटकाशेजारच्या झाडाला शिव्या देत. शेवटी एकदाचा दाखला हातात पडला. त्यावर लिहिलं होतं : 'सदर पदार्थ ज्वालाग्राही नाही. तथापि सदर पदार्थ ज्यांच्या नावे आला आहे, त्या गृहस्थांबाबत तशी खात्री देता येत नाही.' खाली गोल शिक्का. हा कागद अण्णांना त्या कारकुनापुढे स्वतःच्या हाताने ठेवावा लागला, आणि कारकुनाने तो मोठ्याने वाचला.

डबा घरी आला. अण्णांनी चमचा मारायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर जिन्यातून सल्ले चढू लागले. विमावाले म्हणाले, उपाशीपोटी घ्या. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, उपाशीपोटी मुळीच नको, कोमट पाण्यातून घ्या आणि घेताना पूर्वेकडे तोंड करा, कारण त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या सासूने ते पश्चिमेकडे तोंड करून घेतलं तर केस डोक्यावर यायच्या ऐवजी भुवयांवर आले. मेहुणा रोज सकाळी फोन करून "फरक?" एवढंच विचारी. माणूस दगडाचा असता तरी या एका शब्दाने भडकला असता, आणि आम्हाला विचाराल तर त्यालाच दोन चमचे द्यायला हवे होते.

वैतागून अण्णा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "ग्लायसिन शरीर स्वतःच बनवतं. अंडी, मासे, डाळी, सगळ्यातून मिळतंही. काही जणांना म्हणे झोप जरा बरी लागते. रागाचं काही मी ऐकलेलं नाही."

"मग घेऊ की नको?"

"घ्या. नाही घेतलंत तरी चालेल."

याला काय उत्तर म्हणायचं? उद्या अण्णांनी एखाद्या लिफ्टवर 'चालवा, न चालवली तरी चालेल' असा शेरा मारला असता तर त्याच संध्याकाळी निलंबनाचा कागद हातात पडला असता. डॉक्टरांना मात्र असं बोलायची फी मिळते.

पण त्या शेऱ्यावरूनच अण्णांना कल्पना सुचली. लिफ्ट चांगली आहे असं नुसतं म्हणून चालत नाही. तिच्यात लोखंडाची वजनं ठेवतात. आधी निम्मा भार, मग पूर्ण, आणि शेवटी सव्वापट. तरीही ब्रेक धरून राहिला तर ती पास. मग माणसाचा ब्रेक असा वाऱ्यावर का सोडायचा? लेक यायच्या आत आपली रीतसर भारचाचणी झालीच पाहिजे.

"म्हणजे तुम्हाला मुद्दाम चिडवायचं?" बायकोने विचारलं.

"चिडवायचं नाही. भार टाकायचा."

"मला नाही बाई जमायचं," म्हणून ती आत गेली.

म्हणून निम्म्या भारासाठी विमावाल्यांना बोलावण्यात आलं. ते बिचारे संकोचाने खुर्चीच्या कडेवर टेकले. "साहेब, तुमच्या तोंडावर मी काय बोलणार?" असं दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "आता तुम्ही म्हणताच आहात तर... त्या लिफ्टपायी माझ्या म्हाताऱ्या आईने जिन्यात मुक्काम ठोकायचा का?" पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती ही. त्यानंतर विमावाले जे सुटले ते अण्णांची शिंक, अण्णांच्या चपला, अण्णांनी एका मीटिंगमध्ये काढलेली त्यांची अक्कल, असं सगळं घेत घेत गेले. अण्णा हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते. हसू चेहऱ्यावर खिळ्यांनी ठोकलेलं होतं.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"थांबा हो, आत्ता कुठे सूर लागतोय," विमावाले म्हणाले.

पूर्ण भाराला हेडमास्तर आले. ते घरून तयारी करून आले होते. त्यांनी अण्णांना उभं राहायला सांगितलं. "या इमारतीतली मुलं एक खेळ खेळतात, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. "एकाने अण्णा व्हायचं आणि बाकीच्यांनी पळायचं. अण्णा व्हायला कुणी तयार नसतं, म्हणून चिठ्ठ्या टाकतात." अण्णांनी खुर्चीचा हात घट्ट आवळला. हात खुर्चीतून निखळून त्यांच्या हातात आला, पण तोंडातून शब्द आला नाही. पास!

ही बातमी जिनाभर पसरली. अण्णांना तोंडावर बोला आणि वर चहा प्या, अशी संधी पुन्हा कधी येणार? तळमजल्यावरचे लोक येऊन आपला नंबर कधी लागेल म्हणून विचारू लागले. एका बाईंनी तर माहेरच्या माणसांनाही आणलं, ज्यांनी अण्णांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. अण्णा सगळ्यांचं ऐकून घेत, आणि एकेक माणूस गेल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडून टॉवेलात तोंड खुपसून ओरडत. राग गेला नव्हता. आत साठत होता, कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखा. पण बाहेर आवाज नव्हता, आणि लेकीची अट आवाजाची होती.

लेक यायच्या आदल्या दिवशी मेहुणा एक कापडी फलक घेऊन आला. डावीकडे अण्णांचा ओळखपत्रावरचा फोटो होता, ज्यात ते कॅमेऱ्यालाच दम देत होते. उजवीकडची जागा मोकळी होती. वर लिहिलं होतं : 'कालचा ज्वालामुखी, आजचा बर्फाचा डोंगर!'

"आता सव्वापट भार झाला की उजवीकडचा फोटो काढू," मेहुणा म्हणाला. "जिन्यात पंधरा माणसं जमलीयेत. सव्वापटीला कोण आहे?"

कुणीच उरलं नव्हतं. सगळ्यांचं सगळं बोलून झालं होतं. मेहुण्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. "ताई, ये गं बाहेर."

बायको भांडी पुसायचं फडकं घेऊन दारात आली. "मला काही बोलायचं नाही."

"अगं, उपचार म्हणून बोल," अण्णा म्हणाले. "नात यायची आहे उद्या. इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल तुला काही म्हणायचंच नाही?"

बायकोने फडक्याची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि अण्णांकडे बघितलं.

"टूथपेस्ट मी मधेच दाबते," ती म्हणाली. "मुद्दाम दाबते."

अण्णांचा जबडा आवळला गेला.

"त्या लिफ्टवरून लोक तुम्हाला आता बोलले. मला रोज बोलतात. पिशव्या घेऊन मी जिना चढत असते आणि वरून खालून टोमणे ऐकत असते." आवाज अजून हळूच होता. "मला पोहायला शिकायचं होतं. तुम्ही म्हणालात, या वयात? नुसतं म्हणालात नाही, चार घरांना ऐकू जाईल असं म्हणालात. मी परत कधी विषय काढला नाही. दारात तुमचं पाऊल वाजलं की मी हातातलं काम थांबवून ऐकते. कसं पडतंय, जोरात की हळू. मग ठरवते, आज बोलायचं की नाही. माझ्या घरात! माझ्या स्वतःच्या घरात मी आजवर एक वाक्य सरळ बोललेली नाही! तुमची पोर निघून गेली, तर दोष कुणाला दिलात? मला! पाण्याचा ग्लास काठावर का ठेवला म्हणून! पाणी होतं हो ते! पाणी! वाळलं असतं!"

शेवटचे शब्द चौथ्या मजल्यावरून थेट रस्त्यावर गेले. जिन्यातली कुजबुज बंद पडली. हा आवाज घरात होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, अण्णांनाही नाही.

"ताई," मेहुणा घाबरून म्हणाला, "चमचाभर ग्लायसिन घेतेस का?"

"तू आधी ऊठ!" ती त्याच्याकडे वळली. "तुझ्या गाद्यांनी माझी पाठ धरली, पट्ट्यांनी पाय सोलले! माझ्या नवऱ्याचा तमाशा करून डबे खपवतोस? चालता हो!" मेहुणा फलक गुंडाळायच्या भानगडीत न पडता निघाला, आणि फलकाचं एक टोक पायात अडकून अर्धा जिना अण्णांच्या ओळखपत्रावरच्या फोटोसकट उतरला.

अण्णा उभेच होते. राग आला होता. घशापर्यंत आला होता. सवयीने त्यांनी तोंडही उघडलं, आणि मग काय बोलावं ते सुचेना. बाकीच्यांच्या बोलण्यात एखादी तरी खोट काढता येत होती. हिच्या बोलण्यात एकही नव्हती. ते मुकाट्याने दाराकडे वळले आणि जागच्या जागी थिजले.

जिन्यातल्या माणसांनी वाट करून दिली होती आणि त्या वाटेत लेक उभी होती. खांद्याला बॅग, बोटाला नात, चार मजले चढून दम लागलेला.

"म्हटलं, एक दिवस आधीच जाऊन बघावं काय चाललंय," ती म्हणाली.

संपलं, अण्णांना वाटलं. पार्सल ऑफिस, फाटकाशेजारचं झाड, टॉवेलातलं ओरडणं, सगळं फुकट. सुट्टी गेली, नात गेली. आणि या वेळी तर त्यांनी आवाजही काढला नव्हता! पण मागे बायको तोंडावर हात ठेवून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो बघून अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "मी ओरडत होतो."

"पण साहेब, आवाज तर वहिनींचा..." विमावाले म्हणाले.

"माझाच होता!" अण्णा गरजले. कित्येक दिवसांनी गरजले. न्हाणीघरातली बादली हलली. "तुम्हाला काय करायचंय? जा आपापल्या घरी!"

जिना रिकामा झाला.

"आजी ओरडत होती," नात स्वच्छ आवाजात म्हणाली. "आजोबांना."

लेकीने बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली. "आई? तू?"

"काही नाही गं," बायको म्हणाली आणि घाईघाईने फडकं उचललं. "दमून आलीयेस. बस, चहा टाकते."

लेकीने तिच्या हातातून फडकं काढून घेतलं. "चहा बाबा टाकतील. तू बोल."

"अगं, नको. झालं माझं."

"नाही झालं." लेकीचा आवाज कापत होता, आणि तोही रागानेच. "मला बाबांच्या ओरडण्याची भीती कधीच वाटली नाही, आई. ते ओरडले की मीही ओरडायचे. पण तू गप्प उभी राहायचीस ना, ते मला बघवायचं नाही. तेवढ्यासाठी येत नव्हते मी. आणि माझ्या पोरीने ते बघून शिकू नये म्हणून. आता सुरुवात केलीच आहेस तर थांबू नकोस. बाबा, चहा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी हुकूम केला आणि अण्णा तो मुकाट्याने पाळायला गेले. स्वयंपाकघरात साखर सापडेना. चहापूड सापडली तर गाळणं दिसेना. हे कुणी कुठे ठेवलं आहे, असं ओरडायला त्यांनी श्वास घेतला, आणि बाहेर बायकोचा आवाज पुन्हा सुरू झाला. आधी अडखळत, मग सलग. त्यांनी तो श्वास तसाच सोडून दिला.

नात दारात येऊन त्यांच्याकडे निरखून बघत होती. "आजोबा, तुम्हाला ओरडा बसला?"

"हो."

"खूप?"

"खूप."

तिने जरा विचार केला, मग त्यांचं बोट धरून स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे ओढलं. "मग इकडे या. मला ओरडा बसला की मी टेबलाखाली बसते. तिथे कमी ऐकू येतं."

अण्णांनी एक गुडघा टेकला, मग दुसरा. डोकं टेबलाच्या कडेला आपटलं आणि तोंडात आलेला शब्द त्यांनी नातीकडे बघून गिळला. ती सरकली आणि तिने त्यांना जागा करून दिली. दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसली. बाहेर बायको बोलत होती. पोहण्याचं, पिशव्यांचं, कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका दुपारचं, जी अण्णा विसरूनही गेले होते.

टेबलाखाली कमी ऐकू येतं हे नातीचं म्हणणं साफ चूक होतं. अण्णांना तिथून प्रत्येक शब्द ऐकू येत होता, आणि ते ऐकत होते.